शिंगांसाठीची निवड आणि कळपासाठीची निवड : हरणांच्या शिकारीतले दोन वेगळे न्याय

नोव्हेंबरच्या सुरुवातीची एक संध्याकाळ. उतारावरच्या पिवळ्या पडलेल्या गवतात रेड डिअर जातीच्या हरणांचा एक छोटा कळप चरतो आहे. दुर्बिणीत सर्वांत आधी भरतो तो बारा टोकांच्या शिंगांचा नर. मीलनकाळ नुकताच संपल्यामुळे त्याच्या फासळ्या दिसू लागल्या आहेत, मान मात्र अजून जाड आणि केसाळ आहे. त्याच्यापासून थोड्या अंतरावर एक मादी आहे आणि तिच्या मागे मागे जूनमध्ये जन्मलेले पाडस. आणखी खाली, कळपाच्या अगदी कडेला, पोट खपाटीला गेलेली एक म्हातारी मादी उभी आहे. ती भाकड आहे, म्हणजे या वर्षी तिच्याबरोबर पाडस नाही.

समजा शिकाऱ्याकडे या सर्वांसाठीचा परवाना आहे. एक शिकारी नरावर नेम धरेल. दुसरा त्या नराकडे पाहून घेईल आणि दुर्बीण म्हाताऱ्या मादीकडे वळवेल. गंमत म्हणून किंवा दिसेल त्यावर गोळी झाडणारा यांच्यापैकी एकही नाही. दोघेही विचार करून जनावर निवडतात, दोघेही आपल्या कृतीला निवडक शिकार म्हणतात, आणि म्हणूनच या दोन गोष्टी बोलण्यात सहज एकमेकींत मिसळतात. पण पहिली निवड शिकाऱ्याला काय हवे आहे यावरून ठरते, तर दुसरी कळपात काय उरायला हवे यावरून. शिकार मुळातच अमान्य असणाऱ्यांचे म्हणणे मी हलके मानत नाही. परंतु जिथे लांडग्यासारखा भक्षक नाहीसा झाला आहे आणि जिथे शिकार होतेच आहे, तिथे कोणते जनावर आणि कधी, हा प्रश्न टाळून चालत नाही.

या दोन निवडींची गल्लत सर्वांत जास्त होते ती एका युक्तिवादात. ‘हरणे फार झाली आहेत, जंगलाची रोपटी खाऊन टाकतात, म्हणून शिकार आवश्यक आहे,’ असे सांगितले जाते आणि त्याच्या आधाराने मोठ्या शिंगांचा नर टिपला जातो. युक्तिवादाचा पूर्वार्ध अनेक ठिकाणी खरा आहे. मात्र उत्तरार्ध त्यातून निघत नाही, कारण बहुतेक हरणांमध्ये एक नर अनेक माद्यांशी समागम करतो. दहा नरांपैकी तीन मारले तरी उरलेले सात सर्व माद्या गाभण ठेवू शकतात आणि पुढच्या जूनमध्ये जन्मणाऱ्या पाडसांची संख्या जवळजवळ तेवढीच राहते. कळप वाढेल की घटेल हे माद्यांच्या संख्येवर ठरते. ज्याला खरोखरच संख्या आवरायची आहे त्याला माद्या माराव्या लागतात, आणि हे काम कोणालाच आवडत नाही. त्यात भिंतीवर लावण्याजोगे काही मिळत नाही, थंडीपावसात दिवस घालवावे लागतात आणि मन खाते ते वेगळेच.

माद्यांना हात न लावण्याची ही भावना किती खोल असते हे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये 1943 साली दिसले. तिथे हरणांचा चारा संपत आला होता, हिवाळ्यात उपासमार होत होती, आणि तरीही शिंगे नसलेल्या हरणांची, म्हणजे माद्या व पाडसांची, शिकार खुली केल्यावर लोकांचा रोष उसळला. मादी मारणे हा अधर्म आहे असे मानणाऱ्या पिढ्यांनी एके काळी हरणे वाचवली होती, हेही खरे आहे. परंतु तो नियम कळप विरळ असतानाचा होता, आणि कळप दाट झाल्यावर त्याच नियमाने हरणांचे हाल होऊ लागले.

स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळच्या रम बेटावरून या बाबतीत एक अनपेक्षित गोष्ट कळली. तिथल्या उत्तर भागात 1972 पासून शिकार थांबवण्यात आली आणि प्रत्येक हरणाची ओळख ठेवून दशकानुदशके नोंदी करण्यात आल्या. माद्यांची संख्या वाढत गेली, पण नर वाढले नाहीत. उलट कमी झाले. चारा तुटपुंजा झाला की हिवाळ्यात नर पाडसे मादी पाडसांपेक्षा जास्त मरतात आणि तरुण नर दाटीच्या भागातून बाहेर पडतात. म्हणजे ज्याला चांगले नर हवे आहेत त्यानेसुद्धा माद्या राखून ठेवल्याने त्याचे भले होत नाही. शिंगांवर डोळा ठेवून केलेली निवड कधी कधी शिंगांच्याही मुळावर येते ती अशी.

मुळावर येण्याचा दुसरा मार्ग वंशाचा आहे. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातील रॅम माउंटन येथील रानमेंढ्यांवरचा अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला. मेंढ्या म्हणजे हरणे नव्हेत, आणि त्यांची शिंगे दरवर्षी झडतही नाहीत; पण निवडीचा धडा तोच आहे. तिथे शिंगांनी ठरावीक वळण घेतले की नर कायद्याने मारता येत असे. ज्याची शिंगे झपाट्याने वाढत तो प्रजननाच्या भरात येण्याआधीच मारला जाई आणि ज्याची शिंगे खुरटी तो जगून वंश वाढवी. काही दशकांत त्या कळपातल्या नरांची शिंगे लहान होत गेली. यात आनुवंशिकतेचा वाटा किती आणि चाऱ्याचा किती, यावर नंतर संशोधकांत वाद झाला. मला महत्त्वाचा वाटतो तो नियमाचा आकार: सर्वांत चांगल्या जनावराला सर्वांत आधी मारायला लावणारा नियम शिकाऱ्याच्या नजरेतून सरळ दिसला, तरी कळपाच्या बाजूने पाहिले तर तो उलटा आहे.

लांडगा नेमके याच्या उलट करतो. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात 1995 साली लांडगे परत आणल्यानंतर त्यांनी मारलेल्या आणि माणसांनी मारलेल्या एल्क या मोठ्या हरणांच्या माद्यांच्या वयांची तुलना झाली. लांडग्यांच्या तावडीत पाडसे आणि बऱ्याच वयस्कर माद्या सापडत होत्या. बंदुकीला बळी पडत होत्या त्या बहुतांशी ऐन भरातल्या, अजून कित्येक पाडसे देऊ शकणाऱ्या माद्या. जनावरांचा आकडा सारखा असला तरी कळपाला बसणारा फटका सारखा नसतो. कळपासाठी निवड करणारा शिकारी लांडग्याच्या या हिशेबाच्या जितके जवळ जाता येईल तितके जातो: आधी पाडसे आणि एक वर्षाची कमजोर जनावरे, मग अगदी म्हाताऱ्या व भाकड माद्या, आणि ऐन भरातली जनावरे सर्वांत शेवटी. संख्या फारच वाढलेली असेल तर भरातल्या माद्याही माराव्या लागतात, हे मान्य करायला हवे.

इथे एक प्रामाणिक अपवाद नोंदवतो. शिंगे पाहून निवड करणे प्रत्येक वेळी हव्यासाचेच असते असे नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात 2002 साली मारता येणाऱ्या नराच्या शिंगांना किमान ठरावीक टोके असावीत अशी अट घालण्यात आली ती तरुण नर वाचावेत म्हणून, कारण तोवर मारल्या जाणाऱ्या नरांत बहुतांश जेमतेम दीड वर्षाचे असत आणि कळपात प्रौढ नर उरतच नसत. हेतू कळपाचाच होता, शिंगे ही केवळ खूण होती. पण खूण फसवी ठरू शकते. चांगले पोसलेले दीड वर्षाचे पोर टोकांची अट पूर्ण करते आणि मारले जाते, तर त्याच वयाचे खुरटे वाचते.

म्हणून कळपासाठी निवड करणारा शिंगांपेक्षा अंगकाठी वाचायला शिकतो. तरुण नराची मान बारीक आणि पाठ सरळ असते, पाय अंगाच्या मानाने लांब वाटतात; वय वाढते तसे वजन पुढच्या अंगावर येते, पोट खाली उतरते, पाठ वाकते. रेड डिअरच्या अतिवृद्ध नराची शिंगे तर पुन्हा लहान होऊ लागतात, त्यामुळे नुसती शिंगे पाहणाऱ्याला तो तरुण वाटू शकतो. नेम धरण्याआधीचा अंदाज बरोबर होता की नाही हे नंतर खालच्या जबड्यावरून कळते. जबडा हातात घेऊन दाढांवरून बोट फिरवले की तरुण जनावराच्या दाढांच्या कडा धारदार लागतात आणि आतला गडद भाग अरुंद रेघेसारखा दिसतो. म्हाताऱ्याच्या दाढा वाटीसारख्या झिजून हिरडीला टेकलेल्या असतात. हा जबडा स्वच्छ करून, तारीख लिहून ठेवणे मला भिंतीवरच्या शिंगांपेक्षा अधिक आदराचे वाटते, कारण त्यात आपली चूक लपवायला जागा राहत नाही.

आता ‘कधी’. इथेही दोन गोष्टींची गल्लत होते: कायद्याने खुला असलेला हंगाम आणि त्या जनावरासाठी योग्य वेळ. स्कॉटलंडमध्ये रेड डिअरच्या माद्यांचा हंगाम 21 ऑक्टोबर ते 15 फेब्रुवारी असा आहे. नरांसाठीचा बंद काळ 2023 मध्ये काढून टाकण्यात आला. इंग्लंडमध्ये माद्यांचा हंगाम 1 नोव्हेंबर ते 31 मार्च आहे. या तारखा म्हणजे बाहेरची कुंपणे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला गाभण राहिलेली मादी आठ महिन्यांनी विते, म्हणजे मार्चअखेर तिच्या पोटातले पिल्लू बरेच वाढलेले असते. शिवाय हिवाळ्याच्या शेवटी शरीरातली चरबी संपत आलेली असते आणि कळपाला पळवणे म्हणजे उरलीसुरली शक्ती खर्च करायला लावणे. म्हणून संख्या कमी करायचीच असेल तर ती नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये करावी, मार्चपर्यंत रेंगाळू नये. शिंगांसाठी शिकार करणाऱ्याचे वेळापत्रक अर्थातच निराळे असते: नर सप्टेंबर-ऑक्टोबरच्या मीलनकाळात उघड्यावर येतो, ओरडतो, सावधपणा विसरतो, आणि नेमका तेव्हाच तो सर्वांत सहज सापडतो. त्याच दिवसांत त्याला मारले की कळपाची वीणही विस्कटू शकते, हा विचार त्या वेळापत्रकात क्वचितच असतो.

सर्वांत कठीण प्रसंग पाडसासह असलेल्या मादीचा. ऑक्टोबरच्या अखेरीस पाडस साडेचार महिन्यांचे असते, गवत खाते, पण अजून दूध पिते आणि चरायची जागा, आडोसा, धोका हे सारे आईकडून शिकते. आई गेलेल्या पाडसाची हिवाळा काढण्याची शक्यता घटते. जर्मन शिकार कायदा पिल्ले स्वतंत्र होईपर्यंत त्यांना वाढवणाऱ्या आईबापांना विणीच्या काळात संरक्षण देतो, आणि तिथल्या शिकाऱ्यांत त्यापुढेही एक क्रम पाळला जातो: आधी पाडस, मग आई. ऐकायला हा क्रम निर्दय वाटतो. मलाही प्रथम तसाच वाटला होता. पण आईवर आधी गोळी झाडली आणि पाडस झाडीत पळाले, तर त्याचे मरण काही आठवड्यांवर ढकलले जाते आणि ते भुकेने, कोणाच्याही नजरेआड येते. दोघांनाही मारता येणार नसेल, तर दोघांनाही सोडून देणे हाच त्या क्रमाचा अर्थ आहे.

जखमी किंवा रोगी जनावराच्या बाबतीत मात्र दोन्ही निवडी एकत्र येतात. तिथे शिंगेही पाहायची नाहीत आणि क्रमही नाही.

कोणती निवड खरोखर चालू आहे हे बोलण्यावरून ओळखता येत नाही, कारण भाषा दोघांची एकच असते. ते वर्षभराच्या नोंदवहीवरून ओळखता येते: नर किती, माद्या किती, पाडसे किती, कोणत्या महिन्यात, अंदाजे वय काय आणि जबड्याने काय सांगितले. संख्या आवरायची म्हणून शिकार केली असे सांगणाऱ्याच्या वहीत केवळ सप्टेंबर-ऑक्टोबरमधले नर असतील, तर ती शिकार कळपासाठी नव्हती. त्या संध्याकाळी उतारावरच्या म्हाताऱ्या मादीची वाट पाहत बसलेल्या शिकाऱ्याच्या वहीत बहुधा त्या दिवशी काहीच लिहिले गेले नसेल. ती शेवटपर्यंत गवताआड राहिली आणि उजेड गेल्यावर तो बंदूक रिकामी करून खाली उतरला.