अँटिबॅक्टेरियल घोंगडीला पण कसर लागते!

सोलापूरकरांना चादर कशी जपायची हे सांगायची गरज नाही, सुती आहे, धुतली वाळवली विषय संपला. घोळ होतो तो लोकरीत. शालीच्या लेबलवर 'अँटिबॅक्टेरियल' दिसलं की लोक बिनधास्त ट्रंकेत टाकतात आणि थंडीला काढली की भोकं, मग म्हणतात ट्रीटमेंट खोटी निघाली. खोटी नव्हती हो, ती कसरीसाठी नव्हतीच!

बॅक्टेरिया जगतात लोकरीत अडकलेल्या घामावर नि मळावर, त्यातून वास सुटतो. त्यांच्यासाठी चांदी, झिंक नाहीतर क्वाटर्नरी अमोनियम (एक जंतुनाशक रसायन) वालं फिनिश, म्हणजे धाग्यावरचा लेप, देतात, ते जंतूच्या पेशीवर मारा करतं. कसर ही पतंगाची अळी, ती खुद्द लोकरच खाते. लोकर म्हणजे केराटिन, त्यातले गंधकाचे बंध इतके घट्ट की सहसा कुणाला पचत नाहीत, हिच्या पोटात मात्र ते तुटतात. म्हणून तिच्यासाठी परमेथ्रिनसारखं कीटकनाशक, तेही बरेचदा रंगवतानाच धाग्यात मुरवलेलं. टेस्टसुद्धा वेगळ्या, जंतूंसाठी आयएसओ २०७४३ आणि किड्यांसाठी आयएसओ ३९९८. त्यामुळे दुकानात दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारा, एकाच्या उत्तरात दुसरं धरून चालू नका.

आमच्या आजीची सांगोल्याकडची घोंगडी, चिंचोक्याच्या खळीची, चांगली कडक. मागच्या वर्षी उलगडली तर हरभऱ्याएवढी भोकं, शेजारी वाळूसारखे कण, लोकरीच्याच रंगाचे, ती अळीची विष्ठा. घरात उडणारं पिवळसर पाखरू मारून उपयोग थोडा, ते अळीचंच मोठं रूप, लोकर खात नाही, खाणं अळी असतानाच उरकलेलं असतं. आणि भोकं कुठं, तर जिथं आमटी सांडली होती तिथं. घामाची, डागाची लोकर अळीला जास्त मानवते, त्यामुळेच लोकांना वाटतं की वास आणि भोकं एकाच रोगाची.

डांबरगोळ्या उघड्या फडताळात ठेवू नका, वाफ कोंडली तरच काम होतं. मला तर तो वासच नको. धुऊन, ब्रशनं शिवणी झाडून एप्रिलच्या उन्हात दोन्ही बाजूंनी तापवा, मग घट्ट बांधून ठेवा.

आणि जंतू मारायला लोकरीवर ब्लीच अजिबात नाही! पिवळी पडते, ब्लीच कडक असेल तर चक्क विरघळते. शेजारच्या काकूंनी शाल सकाळी भिजवली, दुपारी उचलताना बोटं आरपार गेली.