ध्वनितोफा आणि आंदोलकांची घरगुती तोड: एक पार्श्वभूमी

१५ मार्च २०२५ च्या संध्याकाळी सर्बियाच्या राजधानीत, बेलग्रेडच्या रस्त्यांवर लाखाहून अधिक माणसे मूक उभी होती. नोव्ही साडच्या रेल्वे स्थानकाचे छत कोसळून जे मेले, त्यांच्यासाठी १५ मिनिटे शांतता पाळली जात होती. ती संपायच्या आतच गर्दी एकाएकी मधोमध फाटली आणि लोक जीव मुठीत धरून कडेला पळाले. काहीतरी प्रचंड वेगाने अंगावर येत असल्यासारखा आवाज झाला, असे अनेकांनी सांगितले. असे कोणतेही यंत्र वापरलेले नाही, असे सरकार म्हणाले. पुढे गृहमंत्र्यांनी मान्य केले की पोलिसांकडे एलआरॅड, म्हणजे लांबवर आवाज फेकणाऱ्या ध्वनितोफा आहेत, पण त्या खोक्यातच पडून आहेत. एप्रिलच्या अखेरीस युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की ध्वनियंत्रे आंदोलकांवर वापरली जाऊ नयेत. त्या संध्याकाळी नेमके काय झाले, हा वाद मात्र मिटला नाही.

एलआरॅड हे यंत्र मुळात समुद्रावरचे. ऑक्टोबर २००० मध्ये एडनच्या बंदरात स्फोटकांनी भरलेली एक छोटी बोट अमेरिकन युद्धनौका ‘कोल’ला येऊन भिडली आणि १७ नौसैनिक ठार झाले. जवळ येणाऱ्या बोटीला लांबूनच बजावता यावे, म्हणून एका बाजूलाच आवाज फेकणारा हा शक्तिशाली भोंगा तयार झाला. त्यात अनेक छोटे ध्वनिक्षेपक एका तालात चालतात, त्यामुळे आवाज झोतासारखा पुढे जातो. इशाऱ्याचा कर्कश सूर २ ते ३ किलोहर्ट्झच्या आसपास ठेवतात, कारण माणसाचा कान तिथेच सर्वांत हळवा असतो.

२००९ मध्ये पिट्सबर्गला जी-२० परिषदेच्या वेळी हे यंत्र अमेरिकेतल्या निदर्शकांवर रोखले गेले. तिथे नुसती पाहायला थांबलेली एक प्राध्यापिका कानाला कायमची इजा झाली म्हणून न्यायालयात गेली आणि २०१२ मध्ये शहराने तिला ७२ हजार डॉलर दिले. न्यूयॉर्कमध्ये डिसेंबर २०१४ च्या निदर्शनांत हाच सूर वाजला. तिथल्या खटल्यात तक्रारीला चित्रफिती जोडलेल्या होत्या आणि न्यायाधीशांनी त्या पाहिल्या. २०१८ मध्ये अपील न्यायालयाने म्हटले की आवाज हेही बळच आहे, ते अतिरेकी ठरू शकते. २०२१ च्या तडजोडीत पोलिसांनी तो सूर माणसे पांगवण्यासाठी न वापरण्याचे मान्य केले.

या यंत्रावर घरगुती तोड काय, असा प्रश्न वारंवार विचारला जातो. उलटा आवाज सोडून मूळ आवाज मारता येईल, ही कल्पना हेडफोनमध्ये चालते, कारण तिथे कान आणि स्पीकर यांच्यात बोटभरही अंतर नसते. मोकळ्या रस्त्यावर प्रत्येक डोक्यापाशी ध्वनीची लाट वेगळ्या क्षणी पोचते. एका जागी आवाज कमी झाला तर शेजारच्याच्या कानाशी तो वाढेल. अडीच किलोहर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे १४ सेंटिमीटर असते, म्हणून त्याहून बऱ्याच मोठ्या, जड फळीमागे थोडा आडोसा मिळतो. कानातले बोळे आणि झोताच्या बाजूला सरकणे, प्रामाणिक उत्तर एवढेच आहे.

साध्या वस्तूंनी यंत्रांना तोंड देण्याची परंपरा जुनी आहे. सीएस हा अश्रुधुराचा घटक १९२८ मध्ये कॉर्सन आणि स्टाउटन या दोन अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांनी बनवला. नावातली अक्षरे त्यांचीच. १९९७ मध्ये लागू झालेल्या रासायनिक शस्त्रबंदी कराराने तो युद्धात निषिद्ध केला, देशांतर्गत पोलिसांना मात्र मुभा ठेवली. मला ही तफावत आजही बोचते. हाँगकाँगच्या आंदोलकांनी २०१९ मध्ये अश्रुधुराच्या नळकांड्यांवर रस्त्यावरचे शंकू पालथे घालून पाणी ओतले. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंजाब-हरियाणाच्या शंभू सीमेवर ड्रोनमधून नळकांडी पडू लागली, तेव्हा शेतकऱ्यांनी पतंग उडवले.

 

हाँगकाँगच्या लेसरांबद्दल थोडे सावधपणे बोलायला हवे. कॅमेऱ्यांना आंधळे करण्यासाठी ते उपयोगी पडत. ऑगस्ट २०१९ मध्ये दहा लेसर पॉइंटर विकत घेतलेल्या एका विद्यार्थी नेत्याला अटक झाली. ते घातक आहेत हे दाखवायला पोलिसांनी पत्रकारांसमोर त्या झोताने कागद जाळण्याचे प्रात्यक्षिक केले, आणि त्याच रात्री शेकडो लोकांनी अंतराळ संग्रहालयाच्या घुमटावर हिरवे झोत नाचवले. पण त्याच झोताने समोरच्या माणसाची दृष्टी जाऊ शकते. पोलिसाचा डोळा हाही डोळाच आहे, म्हणून ही तोड मला मान्य होत नाही. मोबाइलचे संकेत बंद पाडणाऱ्या जॅमरचेही तसेच: बहुतेक देशांत तो बेकायदा आहे, आणि रुग्णवाहिकेला केलेला फोनही तो अडवतो.

खरी हुशारी दिसली ती फोनच्या बाबतीत. २१ जानेवारी २०१४ ला कीव्हमध्ये चकमकींच्या परिसरातल्या लोकांच्या फोनवर संदेश आला: सामूहिक दंगलीतील सहभागी म्हणून आपली नोंद झाली आहे. मोबाइल कंपन्यांनी हात वर केले, आणि संशय गेला खोट्या टॉवरकडे. २-जी या जुन्या मोबाइल पद्धतीत फोनला नेटवर्कपुढे आपली ओळख पटवावी लागते, नेटवर्कला मात्र फोनपुढे काहीच सिद्ध करावे लागत नाही. म्हणून जवळच ठेवलेले एखादे यंत्र टॉवर असल्याचे भासवून आसपासच्या फोनचे ओळखक्रमांक गोळा करू शकते.

त्यावरची तोड कुणाचे काही बिघडवत नाही, फक्त पाळत ठेवते. २०१४ च्या अखेरीस बर्लिनच्या संशोधकांनी काढलेले ‘स्नूपस्निच’ हे अ‍ॅप फोनच्या चिपमधले संकेत वाचून संशयास्पद टॉवर ओळखू पाहत असे; पण त्यासाठी फोन ‘रूट’ करावा, म्हणजे त्याच्या आतल्या प्रणालीचा पूर्ण ताबा घ्यावा लागे, आणि ते सगळ्यांना कुठे जमणार? मार्च २०२५ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थेने ‘रेहंटर’ हे सॉफ्टवेअर खुले केले. तेव्हा साधारण २० डॉलरला मिळणाऱ्या एका मोबाइल हॉटस्पॉटवर ते बसवायचे आणि तो खिशात ठेवून चालायचे. एखादा टॉवर फोनला उगाच २-जी वर ढकलू लागला, की पडद्यावरची हिरवी रेघ लाल होते. टॉवरशी झालेल्या संभाषणाची नोंद त्यात साठते, ती उतरवून दुसऱ्या जाणकाराला तपासायला देता येते. बेलग्रेडमध्ये त्या संध्याकाळी आवाजाची अशीच एखादी नोंद हवी होती. फोन हजारो होते, पण फोनचा मायक्रोफोन बोलणे टिपण्यासाठी बनवलेला असतो. मोठा आवाज तो आपणहून दाबतो आणि फार खालचे सूर गाळून टाकतो.