कॅम्प झाला म्हणजे मेडिकल झालं, असं नसतं

“मॅडम, मेडिकल मागच्याच महिन्यात झालं की. सगळ्यांचं झालं.”

कारखान्याच्या दवाखान्यात बसायला लागल्यापासून हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, याची गणती नाही. एचआरकडून, सुपरवायझरकडून, ठेकेदाराकडून, आणि खुद्द कामगाराकडूनही. सांगणारा खोटं बोलत नसतो. मागच्या महिन्यात हेल्थ कॅम्प झालेला असतो. मी विचारत असते ते मेडिकल, म्हणजे माणसाच्या हातातलं काम बघून ठरवलेली वैद्यकीय तपासणी. दोन्हीकडे रक्त काढतात, दोन्हीकडे स्टेथोस्कोप लावतात आणि दोन्हींचे कागद शेवटी एकाच कपाटात जातात. गल्लत का होते ते मला कळतं. पण तिची किंमत कारखान्यातली सगळी माणसं सारखी मोजत नाहीत. ज्याचा पगार कमी आणि मशीन जवळ, तो सर्वांत जास्त मोजतो. म्हणून हे दोन्ही एकदा शेजारी शेजारी मांडते.

कॅम्प कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे. वजन, उंची, बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, जमलं तर ईसीजी आणि डोळे. मग आहारावर भाषण, योगासनं, तंबाखू सोडा म्हणून फलक. ही कंपनीने आपल्या मनाने केलेली गोष्ट आहे आणि चांगली आहे. मीही ती दरवर्षी करते.

मेडिकल कुठून आलं ते मात्र थोडं सांगायला हवं. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, १९८७ साली, कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांचं एक आख्खं प्रकरण घालण्यात आलं. माणसाला अशा कामावर लावण्याआधी तपासायचं, तो त्या कामावर असेपर्यंत तपासत राहायचं आणि त्याने ते काम सोडल्यावरही तपासायचं. दोन तपासण्यांमध्ये बारा महिन्यांहून जास्त अंतर पडू द्यायचं नाही, ही मालकाची जबाबदारी झाली. नोंदी ठेवायच्या आणि त्या कामगाराला बघू द्यायच्या, हेही त्यातच आलं. काय तपासायचं ते काम ठरवतं. फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामात, वाळूच्या धुळीत उभा असेल तर छातीचा एक्स-रे आणि फुंकून करायची फुफ्फुसाची चाचणी. बॅटरीच्या कारखान्यात असेल तर रक्तातलं शिसं. प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा ठोकणाऱ्या मशीनांपाशी असेल, तर कानाची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी. साखर आणि कोलेस्टेरॉल पाहून यातलं काहीच कळत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि चाळिशीपुढच्या कामगारांना वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी मिळणार असं जाहीर झालं. तरतूद स्वागताची आहे. पण तेव्हापासून माझ्या कानावर नवीन वाक्य येऊ लागलंय: “आता वार्षिक तपासणी आली, म्हणजे मेडिकल वेगळं करायला नको.” नाही. शिशाजवळ काम करणारा पोरगा २३ वर्षांचा असला तरी त्याच्या रक्तातलं शिसं बघावंच लागतं. त्याने चाळिशीची वाट बघून चालणार नाही.

बाकी किरकोळ फरकांवर लोक फार वेळ घालवतात. पैसे कोण देतं (दोन्हीकडे कंपनीच), उपाशीपोटी यायचं का, लॅब बाहेरची चालते का. याने काही बिघडत नाही. ईएसआयचं, म्हणजे कामगार विमा योजनेचं, कार्ड हा तर तिसराच विषय. ते आजारी पडल्यावरच्या उपचारासाठी आणि भरपाईसाठी आहे.

ज्या एका फरकावर सगळं अडतं, तो असा: रिपोर्ट हातात आल्यावर बदलायचं कुणी?

कॅम्पचा रिपोर्ट माणसाच्या हातात देतात आणि त्यालाच बदलायला सांगतात. मीठ कमी करा, चाला, झोप घ्या, तंबाखू सोडा. मेडिकलचा रिपोर्ट वाईट आला तर बदलायचं असतं कामाला. धूळ ओढून घेणारा पंखा बसवायचा, मशीनला आवरण घालायचं, त्या माणसाला तिथून हलवायचं. पहिला कागद कामगाराच्या घरी जातो, दुसरा प्लँट हेडच्या टेबलावर जायला हवा. एकदा दोन्हीला ‘चेकअप’ म्हटलं की दुसरा कागदही कामगाराच्याच घरी जातो, आणि मशीन होतं तसं चालू राहतं.

एक उदाहरण देते. कारखान्याचं नाव महत्त्वाचं नाही. प्रेस लाइनवर एक मामा होते, ठेकेदाराच्या हजेरीवरचे, पन्नाशीला टेकलेले. त्यांच्याकडे सलग तीन वर्षांच्या कॅम्पचे रिपोर्ट होते आणि तिन्हींवर ‘सामान्य’ असा शेरा होता. माझ्याकडे आले ते बोटाला लागलं म्हणून. पट्टी बांधताना मी मागून काहीतरी विचारलं, तर त्यांना ऐकूच गेलं नाही. समोर येऊन विचारलं तेव्हा म्हणाले, “घरी म्हणतात टीव्ही मोठा लावता. वय झालं, मॅडम.” दुसऱ्या दिवशी त्यांना पाळी सुरू होण्याआधी बोलावलं. ऑडिओमेट्री रात्रभर गोंगाटापासून लांब राहिलेल्या कानाचीच करायची असते. पाळी संपल्यावर केली तर थकलेल्या कानाचा तात्पुरता बहिरेपणाही आलेखात उतरतो. दोन्ही कानांच्या आलेखात ४,००० हर्ट्झपाशी, म्हणजे एका वरच्या सुरापाशी, खड्डा होता; तिथलं ऐकू कमी येत होतं. वयाने जाणारं ऐकणं वरच्या सुरांकडे उतरत जातं आणि उतरतंच राहतं. गोंगाटाने गेलेलं ४,००० च्या आसपास खड्डा पाडतं आणि ८,००० ला पुन्हा थोडं वर येतं. मामांचा आलेख तसा होता.

मग त्यांच्या लाइनवरच्या बाकीच्यांना बोलावलं. एकामागून एक तोच खड्डा दिसत गेला, तरुणांत उथळ, जुन्यांत खोल. त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण याच लाइनवरचे लोक तीन वर्षं कॅम्पला येत होते आणि कॅम्पच्या अहवालात, ज्यावर माझीच सही होती, त्यांच्यापैकी एकही दिसत नव्हता. त्या अहवालात वयोगट होते, स्त्री-पुरुष होते, बीपीचे टक्के होते. विभाग नव्हता. कोण कुठल्या मशीनवर उभं राहतं हे त्यात लिहायला जागाच नव्हती. पर्चेसमधले, अकाउंट्समधले, प्रेसवरचे, सगळे एकाच बेरजेत मिसळले होते. बेरीज चांगली दिसत होती आणि एक आख्खी लाइन बहिरी होत होती.

इ.स. १७०० मध्ये इटलीतल्या बर्नार्डिनो रामाझिनी या वैद्याने लिहून ठेवलं होतं, की रोग्याला नेहमीचे प्रश्न विचारून झाले की आणखी एक विचारा: तुम्ही काम काय करता? आमच्या कॅम्पच्या छापील फॉर्मवर रक्तगट आहे, तंबाखू आहे, आईवडिलांचा मधुमेह आहे. हा प्रश्न नाही.

याला पैशाचीही बाजू आहे. ईएसआयच्या तरतुदींमधल्या यादीत गोंगाटामुळे येणारा बहिरेपणा व्यावसायिक आजार म्हणून आहे. तसं निदान झालं तर ती कामावरची इजा धरली जाते आणि अपंगत्वाचा लाभ मागता येतो. ‘वय झालं’ असं ठरलं, तर काहीच मिळत नाही. ईएसआय महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांना लागू असते, म्हणजे हा प्रश्न नेमका खालच्या पायरीवरच्या माणसाचा आहे.

आता सर्वांत फसवी जागा. एकच आकडा दोन्हीकडचा असू शकतो. साखर घ्या. रात्रपाळी आणि मधुमेह यांचा संबंध अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलेला आहे. दर आठवड्याला पाळी बदलणारा, पहाटे चारला कँटीनमधला वडा आणि गोड चहा यावर निभावणारा, दिवसा पत्र्याच्या खोलीत झोपायला धडपडणारा ऑपरेटर; त्याची साखर वाढली की कॅम्पमधला डॉक्टर सांगतो, “सकाळी फिरायला जा.” सकाळी तो घरी परततो आहे. सल्ला चुकीचा नाही, पण तो दुसऱ्या माणसाच्या दिवसाला बेतलेला आहे. अशा वेळी मी साखरेच्या आकड्याशेजारी पाळीचं वेळापत्रक लिहिते, आणि एकाच पाळीतल्या चौघांचं तेच दिसलं तर प्रॉडक्शन मॅनेजरशी बोलायला जाते. पाळ्या कशा फिरवायच्या, रात्री कँटीनमध्ये पोळीभाजी मिळेल का, हे त्यांच्या हातात असतं. तेच आरोग्याचं काम आहे.

कॅम्पला येतं कोण, हेही बघा. कॅम्प बहुधा सकाळी अकराला, कॉन्फरन्स हॉलमध्ये. डिझाइनमधला माणूस लॅपटॉप मिटून येतो. लाइनवरच्याला रिलीव्हर मिळाल्याशिवाय जागा सोडता येत नाही. रात्रपाळीवाला घरी झोपलेला. ठेकेदाराच्या माणसांची नावं कितीदा यादीतच नसतात. पावलं मोजण्याच्या स्पर्धांचा तर मला मनापासून राग येतो: शॉप फ्लोअरवर मोबाइल न्यायला बंदी, आणि स्पर्धा मोबाइलवर. दिवसभर ट्रॉली ढकलणाऱ्याची पावलं कुणी मोजत नाही, बक्षीस खुर्चीवरून उठून चालणाऱ्याला मिळतं.

अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने २०१६ मध्ये आपल्या जवळपास ५ हजार कर्मचाऱ्यांवर एक प्रयोग चिठ्ठ्या टाकाव्यात तसा केला: काहींना वेलनेस, म्हणजे आरोग्य सुधारण्याच्या, कार्यक्रमाचं निमंत्रण, काहींना नाही. नुसते येणारे आणि न येणारे यांची तुलना केली तर येणारे जास्त निरोगी दिसत होते. पण निमंत्रण मिळालेले आणि न मिळालेले असे दोन गट ताडून पाहिले, तेव्हा उपचारांच्या खर्चात फरक सापडला नाही. म्हणजे जे आले ते आधीपासूनच बऱ्या तब्येतीचे होते. आपल्याकडेही कॅम्पची हजेरी दाखवून ‘कर्मचाऱ्यांचं आरोग्य सुधारलं’ म्हणतात, तेव्हा मला हा अभ्यास आठवतो.

“पण आमच्याकडे ऑफिसच आहे, धूळ नाही, गोंगाट नाही,” असं आयटीवाले म्हणतात. त्यांनी लंडनमधल्या सरकारी नोकरांचा अभ्यास वाचावा. १९६७ मध्ये सुरू झाला, सुमारे १८,००० पुरुष, सगळे एकाच सरकारचे नोकर. सर्वांत खालच्या श्रेणीतल्यांचा, म्हणजे शिपाई, दरवान अशांचा, हृदयविकाराने मरण्याचा दर वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघाला. सिगारेट, बीपी, कोलेस्टेरॉल हे सगळं हिशेबात धरूनही त्यातला निम्म्याहून कमी फरक उलगडला. पुढच्या अभ्यासांत एक धागा वारंवार हाती आला: आपलं काम कसं आणि कधी करायचं हे ठरवण्याची मुभा ज्याला कमी, त्याला हृदयविकार जास्त. हाउसकीपिंगची ताई आणि तुमचा टीम लीड एकाच इमारतीत असतात, एकाच वॉटर प्युरिफायरचं पाणी पितात. पण चहाला कधी उठायचं हे त्यातल्या एकालाच ठरवता येतं.

यावरून मी आरोग्य संवर्धनाच्या विरोधात आहे असं कुणी धरू नये. कामाच्या ठिकाणच्या आरोग्य संवर्धनाचा १९९७ चा लक्झेंबर्ग जाहीरनामा कामाची रचना आणि कामाचं वातावरण सुधारणं पहिल्यांदा सांगतो. कर्मचाऱ्यांचा सहभाग आणि वैयक्तिक विकास त्यानंतर येतात. आपण त्यातलं शेवटचं तेवढं उचललं. माझा आग्रह साधा आहे. कॅम्प प्रत्येक पाळीत घ्या, शॉप फ्लोअरच्या दारात घ्या, ठेकेदाराच्या माणसांसकट घ्या, आणि अहवालात विभागाचा रकाना ठेवा. मेडिकल त्याच्यापासून वेगळं ठेवा, वेगळ्या तारखेला, वेगळ्या नावाने. आणि तुम्ही कामगार असाल तर आपल्या ऑडिओमेट्रीची, एक्स-रेची प्रत मागून घ्या. ठेकेदार बदलला की जुन्या नोंदी कुठे जातात, ते शोधताना मी स्वतः दमले आहे. तुमच्या ट्रंकेतली प्रत मात्र कुठे जात नाही.

मामांचं ऐकणं परत आलं नाही. गोंगाटाने गेलेलं येत नाही. इअर प्लग दिले होते, पण आठ तास कानात बोळे घालून काम करणं हा शेवटचा उपाय असतो, पहिला नाही. बरीच पत्रं लिहिल्यावर त्या प्रेसभोवती आतून फोम लावलेलं आवरण बसलं. त्याच महिन्यात तिथे एक ट्रेनी लागला होता. रुजू होतानाचा त्याचा आलेख माझ्याकडे आहे आणि त्यानंतरचे दोन आहेत. तिन्ही एकावर एक ठेवून खिडकीशी धरले, की एकच रेघ दिसते.