हरवलेली ठिणगी कोठे शोधावी?

यावल-रावेरकडील केळीच्या मळ्यात, पत्र्याच्या शेडखाली दहा-बारा वर्षे उभी असलेली प्रीमियर पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणायचे घरातील कोणी मनावर घेतले, की आधी नवी बॅटरी बसते, टाकीतील शिळे पेट्रोल काढले जाते आणि सेल्फ मारल्यावर इंजिन फिरतेही. पण पेट घेत नाही. मग प्लग, कॉइल, कंडेन्सर (पॉइंट उघडताना तेथे ठिणगी उडू न देणारा छोटा भाग), डिस्ट्रिब्युटरची (प्रत्येक प्लगला पाळीने वीज वाटणाऱ्या भागाची) कॅप असे ठिणगीशी संबंधित सारे एकदम बदलण्याची घाई होते. माझ्या मते ही घाईच घोटाळा वाढवते, कारण मूळ दोष कोठे होता हे त्यानंतर कळत नाही आणि नवा कंडेन्सर सदोष निघाला, तर गाडीत नसलेला दोष आपणच बसवलेला असतो.

बॅटरीच्या १२ व्होल्टने प्लगच्या फटीत ठिणगी पडत नाही. त्यासाठी हजारो व्होल्ट लागतात. कॉइलमध्ये एकाच लोखंडी गाभ्यावर जाड तारेचे थोडे आणि बारीक तारेचे हजारो वेढे असतात. डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट, म्हणजे इंजिनबरोबर उघडझाप करणारी स्विचची दोन टोके, मिटलेले असताना जाड तारेतून करंट वाहतो व चुंबकक्षेत्र तयार होते. पॉइंट उघडताच ते कोसळते आणि मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलेल्या प्रवर्तनामुळे बारीक तारेत प्रचंड विद्युतदाब (व्होल्टेज) निर्माण होतो. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर हे सेकंदाला १०० वेळा घडते.

अनेक वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत माझा पहिला संशय पॉइंटवरच जातो. पावसाळ्यांतील दमट हवेने त्यांच्या टंगस्टनच्या टोकांवर ऑक्साइडचा थर चढतो. तो डोळ्यांना जेमतेम दिसतो, पण त्याचा परिणाम मोठा असतो. कॉइलच्या जाड तारेचा रोध ३ ओहम धरला, तर १२ व्होल्टवर ४ अँपिअर करंट वाहतो. थराने आणखी ३ ओहमची भर घातली, तर २ अँपिअरच उरतो. चुंबकक्षेत्रात साठणारी ऊर्जा मात्र करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ती निम्मी न राहता चौथ्या हिश्श्यावर येते. त्यात सेल्फ फिरत असताना बॅटरीचा दाबही १० व्होल्टच्या आसपास उतरतो, म्हणजे ठिणगीची सर्वांत जास्त गरज असते तेव्हाच ती सर्वांत दुबळी असते.

तपासणी सोपी आहे. पॉइंट मिटलेले ठेवून चावी फिरवावी आणि मल्टिमीटरने पॉइंटच्या तारेपासून इंजिनच्या धातूपर्यंतचा दाब मोजावा. तो जवळजवळ शून्य हवा. अर्धा-एक व्होल्ट दिसला, तर पॉइंट किंवा डिस्ट्रिब्युटरचे अर्थिंग खराब आहे. बारीक पॉलिश पेपरने टोके घासून स्वच्छ पुसावीत आणि फिलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) फट लावावी. ती अशा गाड्यांत साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर असते, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. मोजणी झाली की चावी लगेच बंद करावी, नाहीतर कॉइल तापते. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी याच वेळी पाहून घ्याव्यात.

प्लग काढून इंजिनच्या धातूला टेकवला आणि ठिणगी दिसली, म्हणजे ती आतही पडेल असे नाही. सिलिंडरमध्ये दाबलेले मिश्रण दाट असते, म्हणून तेथे ठिणगीला जास्त व्होल्टेज लागते. बाहेर पिवळसर, क्षीण ठिणगी दिसली तर समाधान मानू नये. ती निळसर आणि कडकडीत हवी. ही चाचणी करताना जवळपास उघडे पेट्रोल मुळीच नसावे.

खानदेशच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला, की आणखी एक कोडे पडते. सकाळी व्यवस्थित सुरू झालेली गाडी भुसावळच्या रस्त्यावर अर्ध्या तासात बंद पडते आणि थंड झाली की पुन्हा चालू होते. तापल्यावर कॉइलमधील तार तुटक होणे किंवा कंडेन्सर बिघडणे हे त्याचे कारण असू शकते. पण नळीतील पेट्रोलची वाफ होऊनही अगदी हेच घडते. म्हणून गाडी थंड होण्याची वाट न पाहता, बंद पडली त्या जागीच, पण इंजिनावर पेट्रोल गळत नसल्याची खात्री करून, ठिणगी तपासावी. ती निळी व जोरकस असेल, तर कॉइलला हात न लावता गाडीतील पेट्रोलच्या नळीकडे आणि इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाकडे वळावे.