उपकारस्तुती (मराठी ख्रिस्ती परंपरा, नाशिक)

उपकारस्तुती म्हणजे देवाने केलेलं आठवून त्याची स्तुती करणं. मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी हा शब्द रोजचा आहे. पोरगी पास झाली, ऑपरेशन नीट पार पडलं, नव्या घरात राहायला गेलो की घरी 'उपकारस्तुतीची प्रार्थना' ठेवतात, पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) येतात, दोन-तीन गीतं, बायबलमधलं वचन, साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगणं, आणि मग चहा-नाश्ता. या नोंदीत भर आहे तो ही स्तुती नेमकी कशाबद्दल असते, तिच्यात ख्रिस्त कुठे असतो आणि नाशिकमध्ये तिला आजचं रूप कसं आलं यावर.

बायबलच्या नव्या करारात उपकार मानणं आणि ख्रिस्ताला धरून राहणं ही दोन वेगळी कामं नाहीतच. कलस्सैकरांस पत्रात (२:६-७) प्रेषित पौल सांगतो की येशूला प्रभू म्हणून स्वीकारलंत ना, मग त्याच्यातच चालत राहा, मुळं त्याच्यात जाऊ द्या, विश्वासात पक्के व्हा, आणि त्याच दमात पुढे येते ती भरून वाहणारी उपकारस्तुती. लूकच्या १७व्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे होतात पण परत येतो एकच, तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका, आणि येऊन तो येशूच्या पायाशी पडतो. बरं होणं दहाही जणांना मिळालं, पण तुझ्या विश्वासाने तुला बरं केलं हे शब्द ऐकायला मिळाले ते परत आलेल्याला. मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, या उताऱ्यावर प्रवचन झालं की बाकीचे नऊ कुठे आहेत हा येशूचा प्रश्न हमखास येतो आणि तो यायलाच हवा.

एक जुना अवघड मुद्दा इथे नोंदवायला हवा. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात (५:१८) सर्व स्थितीत उपकारस्तुती करा असं आहे, इफिसकरांस पत्रात (५:२०) मात्र सर्व गोष्टींबद्दल करा असं आहे. आता निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराचा माल काढणीला आलेला असताना अवकाळी गारपीट झाली, घड फुटून खाली पडले, तर त्याने गारपिटीतही आभार मानायचे की गारपिटीबद्दल आभार मानायचे? काही भाष्यकार 'सर्व गोष्टींबद्दल' अक्षरशः घेतात. पण इफिसकरांसच्या त्याच वचनात पुढे 'आपल्या प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने' असे शब्द आहेत आणि ते सोडून अर्थ लावता येत नाही, म्हणजे नुकसान ही देवाची देणगी समजून त्याचे आभार मानायचे नाहीत, नुकसानातही जो हातून जात नाही त्याच्या नावाने मानायचे. हे वाचन जास्त पटण्यासारखं आहे, आणि ज्याची बाग गेली त्याच्यासमोर बसून म्हणता येण्यासारखंही हेच आहे.

मंडळीची सगळ्यात जुनी सामुदायिक उपकारस्तुती म्हणजे प्रभुभोजन, येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण करणारा भाकर-द्राक्षरसाचा विधी, कॅथलिक भाषेत मिस्साबली. येशूने भाकर घेतली, उपकारस्तुती केली आणि मोडली (१ करिंथ ११:२३-२४). ती नेमकी कुठली यहुदी रीत होती यावर अभ्यासकांचं एकमत नाही. योआखिम येरेमियास यांनी ते वल्हांडणाचंच, म्हणजे मिसरच्या दास्यातून सुटल्याच्या यहुदी सणाचं भोजन होतं असं मांडलं. हार्टमुट गेझे यांचा कल 'तोडा' या अर्पणाकडे, म्हणजे जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या ७व्या अध्यायातलं, संकटातून सुटलेल्या माणसाने भाकरींसह करायचं उपकारस्तुतीचं अर्पण. तिसरा धागा जेवणानंतरच्या यहुदी प्रार्थनेचा, बिरकत हामाझोनचा. लुई फिंकेल्स्टाइन यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस तिची तुलना 'दिदाखे' या जुन्या ख्रिस्ती लिखाणाच्या १०व्या अध्यायाशी केली. दिदाखेची हस्तलिखित प्रत १०५६ची आहे, ती ग्रीक धर्मगुरू ब्रिएनियोस यांना १८७३मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सापडली आणि १८८३मध्ये छापली गेली, मूळ लिखाण मात्र साधारण पहिल्या शतकाची अखेर ते दुसऱ्या शतकाचा पूर्वार्ध यात कधीतरीचं मानतात. पॉल ब्रॅडशॉ यांच्यासारखे अलीकडचे अभ्यासक एकच उगम शोधायचा नाद सोडा, वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या रीती होत्या असं म्हणतात आणि सध्याचा पुरावा बघता ते सावधपण योग्य वाटतं. तरी फिंकेल्स्टाइन यांच्या तुलनेतून एक गोष्ट हाती लागते ती सोडू नये: यहुदी प्रार्थनेत अन्नाचे आभार आधी आहेत, दिदाखेत क्रम बदललाय, तिथे आधी येशूद्वारे कळलेलं ज्ञान, विश्वास आणि अमरत्व यांचे आभार आणि मग खाण्यापिण्याचे. भाकर आहेच, पण ख्रिस्तानंतर.

क्रम वेगळा असला तरी ख्रिस्ताला सगळ्यांत वरचं स्थान देणारा हाच भर नाशिकपर्यंत आला तो इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थना-पुस्तकातून. त्यातली सर्वसाधारण उपकारस्तुती बिशप एडवर्ड रेनल्ड्स यांची, १६६२च्या आवृत्तीत घातलेली. आम्हाला निर्माण केलंस, सांभाळलंस, या जीवनातले सगळे आशीर्वाद दिलेस, असं म्हणत ती चढत जाते आणि मग 'पण सगळ्यांहून अधिक' म्हणून प्रभू येशूच्या द्वारे झालेल्या जगाच्या तारणावर येते. पुढे कृपेची साधनं, गौरवाची आशा, आणि शेवटी ही स्तुती नुसती ओठांनी नाही तर जगण्यातून दिसावी अशी मागणी. त्याच चर्चच्या चर्च मिशनरी सोसायटी या मिशन संस्थेचं नाशिकमधलं काम १८३२च्या सुमाराला सुरू झालं. शरणपूरची ख्रिस्ती वसाहत १८५०च्या दशकात रेव्ह. विल्यम सॉल्टर प्राइस यांच्या काळात उभी राहिली. आज शरणपूर रोड म्हणून जो गजबजलेला भाग आहे त्याचं नाव त्या वसाहतीवरून आहे. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलंही इथे ठेवली आणि शिकवली जात. त्यांच्यापैकी जेकब वेनराइट हा आफ्रिकेत फिरणारे मिशनरी-शोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्याबरोबर होता, १८७३मध्ये तिथेच लिव्हिंग्स्टन वारले तेव्हा त्यांचं हृदय झाडाखाली पुरताना दफनविधी त्यानेच वाचला, झाडावर लेख कोरला आणि पार्थिवासोबत तो लंडनपर्यंत गेला, १८ एप्रिल १८७४ला वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये खांदा देणाऱ्यांत तो होता. घरदार, जात, गाव सुटलेल्या अशा माणसांच्या वस्तीत 'सगळ्यांहून अधिक' हे शब्द वाचले जात होते हे लक्षात घेतलं की त्यांचं वजन कळतं.

हंगामाचा सण, ज्याला काही ठिकाणी कापणीची उपकारस्तुती म्हणतात, त्याचा उगम वादाचा आहे. एक मत असं की तो सरळ इंग्लंडहून आला, तिथे रॉबर्ट स्टीफन हॉकर यांनी कॉर्नवॉलमधल्या मॉर्वेनस्टोला १८४३मध्ये तो नव्याने सुरू केला आणि १८६०च्या दशकात चर्चने त्याला रीतसर जागा दिली. शरणपूर वसलं तेव्हा ही चाल तिकडेच नवी होती, त्यामुळे ती इथे बहुधा १९व्या शतकाच्या शेवटच्या काही दशकांत रुळली असावी. दुसरं मत नवान्नाच्या इथल्या जुन्या रिवाजाकडे बोट दाखवतं, पण वेळ सोडली तर आतला आशय त्याच्याशी जुळत नाही. जास्त जवळचं आहे ते जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या २६व्या अध्यायातलं प्रथमफळ, म्हणजे पिकाचा पहिला वाटा देवाला देणं: माणूस टोपली घेऊन येतो आणि पिकाबद्दल बोलायच्या आधी देवाने दास्यातून कसं सोडवलं ते सांगतो. आपल्याकडची साक्ष हुबेहूब तशीच चालते.

सणाच्या दिवशी वेदीपुढे बाजरीची कणसं, नागली, कांदे, शेंगा, द्राक्षांचे क्रेट, अंडी, कधी पाय बांधलेली कोंबडी असं सगळं मांडतात. भक्ती झाली की आवारात लिलाव. मेथीची एक जुडी बाजारभावाच्या कितीतरी पट बोलीला जाते, घेणारा पैसे भरतो आणि तीच जुडी परत टेबलावर ठेवतो, पुन्हा बोली. बाहेरच्याला हा व्यवहार कळत नाही, इथे तो दानच आहे आणि लहान मुलंसुद्धा खाऊच्या पैशातून बोली लावतात.

उपकारस्तुतीला मराठी आवाज दिला तो मुख्यतः रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी. त्यांचं तरुणपणीचं काही शिक्षण नाशिकचं आणि पत्नी लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या. १८९५मध्ये बाप्तिस्मा झाला तरी तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते मानत, आणि त्यांच्या गीतांत आभार हे यादी वाचल्यासारखे येत नाहीत, थेट येशूशी बोलल्यासारखे, अभंगाच्या लयीत येतात. १९१७मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघंही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून चालणार होते. संस्था, पगार, पंथ यांच्या मागे ख्रिस्त झाकला जाऊ नये ही त्यांची तळमळ होती, आणि हंगामाच्या सणात नुसता लिलावच मोठा होत गेला तर तीच तळमळ पुन्हा आठवायची गरज पडते. त्यांच्याही आधी, १६१६मध्ये छापलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांच्या क्रिस्तपुराणाने ओवीत ख्रिस्तस्तुती आणली होती, पण ती धारा गोवा-कोकणाची.

कॅथलिकांमध्ये नाशिकरोडच्या बाळ येशू मंदिराची फेब्रुवारीतली यात्रा मोठी, मुंबई-वसईकडून गाड्या भरून लोक येतात. ही भक्ती प्रागच्या बाळ येशूच्या मूर्तीवरून आली, पोलिक्सेना लोब्कोविच यांनी ती मूर्ती १६२८मध्ये तिथल्या कार्मेल मठाला दिली होती. एका हाताने आशीर्वाद, दुसऱ्या हातात पृथ्वीचा गोल. इथे येणाऱ्यांच्या बोलण्यात 'नवस' हा शब्द सर्रास असतो. नवस फेडला की हिशेब मिटतो, उपकारस्तुतीत मात्र मिटायला हिशेबच नसतो, म्हणून मेणबत्ती लावून निघून जाण्यापेक्षा मिस्सात थांबून ख्रिस्तशरीर स्वीकारणं हीच यात्रेतली पूर्ण उपकारस्तुती मानायला हवी.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ३१ डिसेंबरची रात्रीची भक्ती असते. वॉचनाइटची ही चाल १८व्या शतकातल्या मोरेव्हियन आणि मेथडिस्ट लोकांकडून आलेली. वर्षभराचे उपकार उभं राहून सांगायचे, ज्यांच्या घरी त्या वर्षी कोणी गेलं तेही सांगतात, आणि बारा वाजले की नव्या वर्षाची पहिली प्रार्थना होते. बऱ्याच ठिकाणी १ जानेवारीच्या सकाळी प्रभुभोजन असतं.