घरातल्या ऑडिओ फायली होम ऑटोमेशनच्या स्पीकरवर वाजवणं

आपल्याच डिस्कवर, पेनड्राइव्हवर नाहीतर चिपमध्ये असलेली गाणी, भजनं, रेकॉर्ड करून ठेवलेल्या सूचना, इंटरनेटवरच्या कुठल्याही सेवेकडं न जाता घरच्या ऑटोमेशनकडून स्पीकरवर वाजवून घ्यायची पद्धत. दिवे, मोटार, टाकीचा सेन्सर, दारावरची बेल ज्या सिस्टीमवर चालतात (होम असिस्टंट, ओपनहॅब वगैरे) तीच सिस्टीम वेळ झाली किंवा काही घडलं की स्पीकरला सांगते आणि फाईल वाजते. मोबाईलवरून ब्लूटूथनं गाणं लावणं यात धरत नाहीत, तिथं लावणारा माणूस असतो.

उगम : याबद्दल एकमत नाही. होम ऑटोमेशनचा इतिहास सांगणारे बरेच जण स्कॉटलंडच्या पिको इलेक्ट्रॉनिक्सनं १९७५ मध्ये आणलेल्या, दिवे-यंत्रं लांबून चालवणाऱ्या एक्स-टेन या यंत्रणेपासून सुरुवात करतात, आणि त्यातले काही ऑडिओचं मूळही तिथंच नेतात, कारण पिकोचं त्याच्या आधीचं काम म्हणजे बीएसआर कंपनीसाठीचा, हवं ते गाणं निवडून वाजवणारा रेकॉर्ड प्लेअर, आणि त्याच्या रिमोटवरूनच दिवे लांबून चालवायची कल्पना निघाली असं सांगितलं जातं. हे खरं धरलं तरी एक्स-टेनमध्ये घरातल्या विजेच्या वायरीतून जायचे ते चालू, बंद, मंद असले छोटे सिग्नल, आवाज त्यातून जात नव्हता, त्यामुळं नातं लागतं पण ही पद्धत ती नव्हे.

दुसरं मत २००० च्या सुमाराच्या नेटवर्क प्लेअरकडं, म्हणजे घरच्या नेटवर्कवरून फायली घेऊन वाजवणाऱ्या डब्यांकडं, बोट दाखवतं. टर्टल बीचचा ऑडिओट्रॉन २०००-०१ च्या आसपासचा, तो कॉम्प्युटरवरच्या शेअर केलेल्या फोल्डरमधल्या फायली स्वतः शोधून वाजवायचा. स्लिम डिव्हायसेसचा स्लिम्प-थ्री २००१ चा, त्याच्यात उलटं, डोकं सगळं सर्व्हरमध्ये आणि डबा फक्त ऐकणारा, पुढं २००३ ला त्याचाच स्क्वीझबॉक्स झाला, २००६ मध्ये लॉजिटेकनं कंपनी घेतली आणि २०१२ ला ती मालिका बंद केली, पण सर्व्हरचं सॉफ्टवेअर लोकांनी मरू दिलं नाही आणि ते आज लायरियन म्युझिक सर्व्हर या नावानं चालू आहे. हे सगळं खरंच पण ऑटोमेशन यात नव्हतं, गाणं माणूसच लावायचा.

तिसरं मत यूपीएनपी-एव्ही या, घरातली ऑडिओ-व्हिडिओ यंत्रं एकमेकांशी कशी बोलतील हे ठरवणाऱ्या २००२ च्या मानकाचं, आणि या नोंदीत तेच जास्त पटणारं मानलंय. त्यात तीन कामं नीट वेगळी केली: फाईल ठेवणारा सर्व्हर, वाजवणारा रेंडरर आणि हुकूम देणारा कंट्रोल पॉइंट. हुकूम देणाऱ्याच्या हातातून आवाज जातच नाही, तो रेंडररला फक्त फाईलचा पत्ता सांगतो आणि रेंडरर ती स्वतः आणतो. २००३ मध्ये सुरू झालेल्या डीएलएनए या कंपन्यांच्या संघटनेनं हेच टीव्हीपर्यंत नेलं. आजच्या सिस्टीमी ज्या रीतीनं वाजवतात ती हीच रीत, हुकूम देणाऱ्याच्या जागी ऑटोमेशन आलं एवढंच. ॲपलची २००४ ची एअरट्यून्स, म्हणजे नंतरची एअरप्ले, ही मात्र वेगळ्या शाखेतली, तिथं आवाज पाठवणाराच ढकलतो.

२०१३ ला वाजवणारं यंत्र आणि ऑटोमेशन हे दोन धागे एकत्र आले. जुलैत गूगलचं क्रोमकास्ट (नेटवर्कवरून सांगितलेलं वाजवणारं छोटं यंत्र) आलं, सप्टेंबरात पाउलस स्काउटसेन यांचं होम असिस्टंट गिटहबवर (प्रोग्रॅमचा कोड सगळ्यांसाठी ठेवायची साइट) आलं, आणि क्रोमकास्टशी बोलणारी पायथनची पायक्रोमकास्ट ही लायब्ररीही त्यांचीच. भारतात ॲमेझॉनचा इको हा स्पीकर २०१७ च्या शेवटाकडं आणि गूगल होम एप्रिल २०१८ मध्ये आला, आपल्याकडच्या बहुतेक घरांची सुरुवात त्यानंतरचीच धरावी.

पत्ता आणि परवानगी : या विषयात जेवढ्या अडचणी येतात त्यातल्या बहुतेक एकाच गोष्टीतून निघतात, फाईल स्पीकरकडं पोचवली जात नाही, स्पीकर ती न्यायला येतो. होम असिस्टंटच्या पडद्यावर फाईल दिसते, ब्राउझरमध्ये वाजतेही, आणि स्पीकर मात्र गप्प, तेव्हा बघायचं ते हेच की स्पीकरला कळेल असा पत्ता त्याला मिळाला का. होम असिस्टंटमध्ये जागा दोन. एक मीडिया फोल्डर, जे २०२० मध्ये मीडिया सोर्स आल्यापासूनचं, त्यातल्या फाईलीला सिस्टीम सही केलेला, ठराविक वेळच चालणारा पत्ता बनवून देते. दुसरी जुनी जागा म्हणजे कॉन्फिगमधलं (सिस्टीमच्या सेटिंगच्या फोल्डरमधलं) तीन डब्ल्यूंचं फोल्डर, त्यातली फाईल 'लोकल' या पत्त्याखाली उघडी असते, लॉगिन लागत नाही. ते फोल्डर नव्यानं बनवलं असेल तर सिस्टीम एकदा रिस्टार्ट केल्याशिवाय दिसत नाही. घरच्या माणसांचे आवाज असलेल्या फायली या उघड्या जागेत ठेवू नयेत, सिस्टीम बाहेरून इंटरनेटवर उघडी असेल तर त्याही उघड्याच.

गूगलच्या स्पीकरांचं आणखी एक, ते नावाचा पत्ता शोधायला घरच्या राउटरला न विचारता गूगलच्याच डीएनएसकडं, म्हणजे नावावरून आकड्यांचा पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरकडं (चार आठांचा तो पत्ता) जातात, तिथं तुमच्या घरातल्या 'डॉट लोकल' नावाला कोण ओळखणार, म्हणून सिस्टीमचा अंतर्गत पत्ता आकड्यांतच द्यावा, पोर्ट ८१२३ सकट, आणि राउटरमध्ये तो आकडा कायमचा बांधून घ्यावा. सुरक्षित (एचटीटीपीएस) पत्त्यासाठी घरीच बनवलेलं सर्टिफिकेटही हे स्पीकर मानत नाहीत. इकोचं प्रकरण जास्त अवघड, त्याला थेट घरातला पत्ता देऊन वाजवता येत नाही, बाहेरून मान्य झालेलं सुरक्षित सर्टिफिकेट लागतं, तेव्हा फायली घरच्याच ठेवायच्या असतील तर इको टाळलेला बरा. म्युझिक असिस्टंट हे सॉफ्टवेअर (२०२४ पासून ओपन होम फाउंडेशनच्या छत्राखाली) यातली बरीच कटकट स्वतःकडं घेतं, शेअर फोल्डर वाचतं, यादी बनवतं आणि पोर्ट ८०९७ वरून स्पीकरला चालेल अशा रूपात आवाज देतं.

देवनागरी नावं : इंग्रजी पुस्तिकांमध्ये हे सहसा सापडत नाही म्हणून इथं जरा विस्तारानं. फाईलीला मराठीत नाव दिलं तर पत्त्यात ते जसंच्या तसं जात नाही, देवनागरीचा एक कोड (अक्षर, मात्रा किंवा हलंत) यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइटचा आणि पत्त्यात प्रत्येक बाइटला टक्क्याच्या चिन्हासकट तीन खुणा, म्हणजे एकाला नऊ. 'भूपाळी' मध्ये सहा कोड, पत्त्यात चौपन्न खुणा होतात. सिस्टीम हे स्वतः करते, पण ज्यांनी पत्ता हातानं ऑटोमेशनमध्ये टाकलाय त्यांचं इथं अडतं. दुसरी गोष्ट 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' ची. 'वाऱ्या' हे नाव दोन तऱ्हांनी टाईप होतं, एकात ऱ ला हलंत, दुसऱ्यात साध्या र ला हलंत आणि मागं एक न दिसणारा जोडक. डोळ्यांना दोन्ही सारखंच, पण लिनक्स (होम असिस्टंट सहसा ज्यावर चालतं ती ऑपरेटिंग सिस्टीम) बाइट बघतं, त्याच्यासाठी या दोन निराळ्या फायली, मग मोबाईलवर नाव दिलेली फाईल लॅपटॉपवर लिहिलेल्या ऑटोमेशनला सापडत नाही आणि माणूस तासभर स्पीकरलाच दोष देतो. नावं रोमन अक्षरांत, छोटी, स्पेस न ठेवता द्यावीत आणि मराठी नाव फाईलीच्या आतल्या टॅगमध्ये भरावं.

फॉरमॅट : एमपी-थ्री सगळीकडं चालतं, त्याचे पेटंट २०१७ मध्ये संपले. कॅसेटवरून भरताना १२८ केबीपीएसला मिनिटाला साधारण एक एमबी, म्हणजे ९० मिनिटांची पूर्ण कॅसेट ८६ एमबीच्या आसपास, तेच सीडीच्या दर्जाच्या, न दाबलेल्या वेव्ह फॉरमॅटमध्ये साडेनऊशेच्या घरात. मूळ प्रत फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता आकार कमी करणारा फॉरमॅट) ठेवून वाजवायला एमपी-थ्री, हे उत्तम.

मराठवाड्यातला वापर : इथं या पद्धतीला खरी किंमत आहे ती फायलींमुळं. गावच्या भजनी मंडळाचं भजन, पैठणकडच्या एखाद्या फडावर भरून घेतलेलं एकनाथांचं भारूड, तुळजापूरचा संबळ, आकाशवाणी परभणी केंद्रावरून टेपवर धरलेला कार्यक्रम, हे कुठल्या ॲपवर मिळत नाही, ते एखाद्याच घरी कपाटातल्या कॅसेटीत असतं आणि ती कॅसेट बुरशी धरायच्या आत भरून घ्यायला पाहिजे. भरल्यावर दुसऱ्या डिस्कवर प्रत हवीच, यात आळस करू नये.

पहाटेची भूपाळी, संध्याकाळचा हरिपाठ, कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत काकडा, हे नेहमीचे वापर. तिथी सिस्टीमला आपोआप कळत नाही, तारखा दरवर्षी पंचांग बघून कॅलेंडरमध्ये टाकाव्या लागतात. सूर्योदय मात्र ती अक्षांश-रेखांशावरून काढते, म्हणून दुसऱ्याचं सेटिंग उचललं तरी ठिकाण आपलंच टाकावं, छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड यांच्यात रेखांशाचा जवळजवळ दोन अंशांचा फरक आहे, म्हणजे नांदेडला सूर्य साधारण आठ मिनिटं आधी उगवतो.

सूचनांसाठी बरेचजण सिस्टीमच्या यंत्री आवाजाऐवजी घरातल्याच माणसाचा आवाज भरून ठेवतात, 'नळ आला', 'टाकी भरली, मोटार बंद करा', 'थ्री-फेज आली'. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात ओसरीतल्या स्पीकरवर आजीच्या आवाजात 'पाणी आलं गं' ऐकू आलं की सगळे उठतात, त्या आवाजाला न उठायची कुणाची टाप नाही. आखाड्यावर थ्री-फेज रात्रपाळीत असते तिथं मोटारीला ऑटो बसवलेला असला तरी पाईप कुठं फुटलाय का हे बघायला माणूस उठावा लागतोच. गूगलचा स्पीकर झोपेतून जागा होताना आधी एक टुंग वाजवतो आणि पुष्कळदा फाईलीचा सुरुवातीचा तुकडा खातो, यावर इलाज म्हणजे प्रत्येक सूचनेच्या आधी अर्धा-एक सेकंद शांतता भरून ठेवणं. गाणं चालू असताना सूचना वाजून गाणं परत तिथूनच सुरू होणं सोनोस कंपनीच्या स्पीकरला नीट जमतं, साध्या कास्ट (गूगलच्या पद्धतीच्या) स्पीकरला जमत नाही.

जुना ॲम्प्लिफायर आणि लाकडी बॉक्स टाकून द्यायची गरज नाही. त्याला जोडायला रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरच्या ४ पर्यंतच्या मोठ्या बोर्डांना साडेतीन मिलिमीटरचा जॅक आहे, पाय ५ ला नाही, तिथं यूएसबी साउंड कार्ड लावायचं. देवघर आणि ओसरी दोन्हीकडं एकदम वाजवायचं असेल तर दोन स्पीकरांतला फरक तीस-चाळीस मिलिसेकंदांच्या वर गेला की कानाला दुहेरी ऐकू येतं आणि टाळांचा ठेका फाटतो, यासाठी स्नॅपकास्ट हे सॉफ्टवेअर, जे सगळ्या पेट्यांची घड्याळं मिळवून घेतं.

वीज : फायली घरात असल्यानं इंटरनेट गेलं तरी पायला जोडलेल्या स्पीकरवर चालतं, गूगलच्या स्पीकरचा मात्र तेव्हा भरवसा नाही, पण राउटर बंद पडला की सगळंच थांबतं, म्हणून राउटर आणि पाय दोन्ही इन्व्हर्टरवर हवेत. लाईट अचानक जाऊन पायचं मेमरी कार्ड खराब होणं इकडं नेहमीचं, सिस्टीम एसएसडीवर टाकलेली बरी. इन्व्हर्टर नसेल तर पहाटे पाचला लाईट नव्हती आणि साडेपाचला आली अशा दिवशी भूपाळी वाजत नाही, वेळेचा ट्रिगर (ऑटोमेशन सुरू करणारी घटना) हुकला की सिस्टीम मागचं भरून काढत नाही. त्यासाठी सिस्टीम चालू होतानाचा दुसरा ट्रिगर जोडतात आणि वेळ पाच ते सहाच्या मधली आहे का एवढी अट घालतात, मात्र स्पीकर नेटवर्कवर यायला वेळ लागतो म्हणून मधी दोन मिनिटांची थांब ठेवावी लागते.