घास अडकतोय, पण दुर्बिणीचा रिपोर्ट नॉर्मल

आमच्या निपाणी-खानापूर भागात भाकरीचा घास छातीत अडकायला लागला की माणूस आधी वरून पाणी पितो, मग भाकरी आमटीत कुस्करून खातो, मग नुसत्या आंबिलीवर येतो, आणि घरचे म्हणतेत पित्त झालंय. बऱ्याचदा ते पित्तच असतं, जुन्या ॲसिडिटीनं अन्ननलिका खाली अरुंद होते. तंबाखूवाल्या माणसाला नलिकेचाच कॅन्सर असू शकतो, तो दुर्बिणीत सहसा दिसतो.

पण एक तिसरा प्रकार आहे आणि तो फसवतो. समजा एखाद्या बाईचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, केमो झाली, सगळं व्यवस्थित, घरात आता त्याचं कुणी नावपण काढत नाही. अशा बाईला कधीकधी दहा वर्षांनीसुद्धा गिळायला त्रास सुरू होऊ शकतो. हे तसं क्वचितच होतं, पण होतं. अन्ननलिका साधारण २५ सेंटीमीटर लांब, छातीत ती श्वासनलिकेच्या मागून जाते आणि तिच्या आजूबाजूला लसिकाग्रंथी, म्हणजे लिम्फ नोडच्या बारीक गाठी, असतात. जुन्या कॅन्सरच्या पेशी त्या ग्रंथींत जाऊन बसतात, तिथनं नलिकेला बाहेरून दाबतात नाहीतर तिच्या भिंतीत शिरतात. म्हणजे रोग बाहेरून आत येतो, आतलं अस्तर शेवटपर्यंत चांगलं राहू शकतं.

म्हणूनच दुर्बीण घातली की दिसतं काय, तर वाट अरुंद पण अस्तर गुळगुळीत, जखम नाही, गाठ नाही. चिमट्यानं तुकडा घेतात तो वरवरचा, एक-दोन मिलिमीटर खोल, आणि रिपोर्ट येतो की कॅन्सरच्या पेशी नाहीत. तो रिपोर्ट खोटा नसतो, पण तो तेवढ्या तुकड्यापुरताच असतो! अकॅलेशिया नावाच्या, नलिकेचा खालचा झडपेसारखा भाग न उघडण्याच्या आजारासारखंसुद्धा हे दिसू शकतं, त्यामुळे उपचार भलत्याच दिशेला जातात.

अशा वेळी छातीचा सीटी स्कॅन लागतो, आणि त्याहून कामाची म्हणजे एंडोसोनोग्राफी. दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफी असते, त्यात भिंतीचे पाच थर एकाआड एक काळे-पांढरे पट्टे होऊन दिसतात, कुठला थर जाड झालाय ते कळतं, आणि बघत बघत सुई थेट त्या थरात किंवा ग्रंथीत घालून पेशी काढतात. लॅबमध्ये त्यावर इस्ट्रोजेन रिसेप्टर, म्हणजे पेशीतला इस्ट्रोजेन हार्मोन पकडणारा भाग, आहे का असल्या तपासण्या करतेत आणि जुन्या गाठीशी ताडून बघतेत. एवढा खटाटोप कशाला, तर उपचारच बदलतात की. नलिकेचाच कॅन्सर असेल तर ऑपरेशन किंवा केमो-रेडिएशनचा विचार होतो, स्तनाचा पसरलेला असेल तर हार्मोनच्या गोळ्या किंवा केमो, आणि गिळता यावं म्हणून जाळीची नळी, म्हणजे स्टेंट. नुसता फुगा घालून वाट रुंद करायची तर भिंत फाटायचा धोका असतो, ते जपूनच करावं लागतं.

आपल्याकडे ऑपरेशन मिरजेला नाहीतर कोल्हापूरला झालेलं असतं, घशाचं दाखवायला आपण बेळगाव-हुबळीला जातो, आणि जुनी फाईल घरी कपाटात. नव्या डॉक्टरांना पहिल्यांदा तेच सांगा, ऑपरेशन कुठल्या साली झालं तेपण, आणि जुन्या लॅबमध्ये गाठीचा मेणातला ब्लॉक, म्हणजे तपासणीसाठी मेणात जपलेला गाठीचा तुकडा, अजून ठेवलाय का ते विचारा, असला तर अर्ज करून मागून घ्या.